दक्षिणा किती घ्यावी?
होतकरू भविष्यवेत्त्यांसाठी दरनिश्चितीचे आठ सोपे धडे

पत्रिका मांडायला शिकवणारी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात ढिगानं मिळतात. दशा, अंतर्दशा, दृष्टी, राजयोग, सगळं त्यांत असतं. जातकानं उठता उठता खिशात हात घालून "किती द्यायचे?" असं विचारलं तर काय म्हणायचं, एवढंच नसतं. नवशिक्याची गाडी तिथंच रुतते. सप्तमातला मंगळ बघून न डगमगणारा माणूस या प्रश्नाला लाजतो, "द्या हो काहीतरी" म्हणतो, आणि जातक खरोखरच काहीतरी देतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी हे धडे. विद्या तुम्हाला येते असं गृहीत धरलं आहे. येत नसली तरी हरकत नाही, दर ठरवताना तिचा संबंध येत नाही.

साहित्य : चालू सालाचं पंचांग (दाते असेल तर उत्तम, सोलापूरच्या या घराण्याचं गणित शंभरएक वर्षं चालत आलं आहे, त्याचा थोडा रुबाब आपल्यालाही लागतो). पत्रिका छापणारं सॉफ्टवेअर. पितळी तबक. चष्मा, नंबर नसला तरी. आणि दाराबाहेर चपला काढायला मोकळी जागा. शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण दुसरा धडा पूर्ण तिच्यावर आहे.

धडा पहिला : शून्यावर थांबू नका

दर १०० नसतो, १०१ असतो. ५०० नसतो, ५०१ असतो. पूर्वी सव्वा रुपया होता, नंतर अकरा, एकवीस, एक्कावन्न अशी चढण झाली. शून्यावर संपणारी रक्कम म्हणजे हिशेब मिटला. वरचा रुपया म्हणजे पुढच्या शंभराची सुरुवात, खातं उघडं आहे. आहेराच्या पाकिटावर नाणं चिकटवून देतात ते याच कारणानं. पाकीट छापणाऱ्याला हे कळलं, तुम्हालाही कळायला हवं. किराणा दुकानदार ९९ लिहून एक रुपया सोडल्याचं सोंग करतो. आपण १०१ लिहून एक रुपया जास्त घेतो, आणि गिऱ्हाईक तो डोळ्यांना लावून देतं.

दुसरी सोय अशी की इथं घासाघीस नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी दहा मिनिटं हुज्जत घालणारा माणूस मुलीच्या लग्नयोगाची बोली करत नाही. दोन रुपये कमी दिले आणि योग दोन वर्षं पुढं गेला तर? ही धास्ती आहे तोवर दर तुमचा. मात्र तो तोंडानं सांगू नका. पाटीवर लिहा आणि पाटी जातकाच्या पाठीमागच्या भिंतीवर लावा. येताना दिसत नाही, जाताना चुकत नाही.

धडा दुसरा : दारातल्या चपला

हा धडा मी वाईला शिकलो. आमच्या वाड्यात एक गुरुजी पत्रिका बघायचे. सकाळी आठ ते अकरा पुढच्या सोप्यात बैठक. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझं काम ओट्यावर बसून चपलांवर लक्ष ठेवायचं. कुत्री पळवतात, असं कारण सांगितलेलं होतं. गुरुजी मधेच आतून हाक मारायचे, "बाळ, बाहेर कुणाच्या वहाणा रे?" मी ओरडून सांगायचो, "एक कोल्हापुरी, कोरी. एक लेडीज, उंच टाचेची. एक टायरची."

टायरची म्हणजे ट्रकच्या जुन्या टायरचा तळ आणि त्याचेच पट्टे, खिळ्यांनी ठोकलेले. टाचेकडं रस्त्यानं खाल्लेली असते, आणि नक्षी कुठं कुठं अजून शाबूत असते. तशा चपलांचा माणूस आत गेला की गुरुजी आधी पंचांग उघडायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अरेरे, आज अमावास्या. आज मला पैशाला हात लावता येत नाही. विचार तू, काय विचारायचं ते." त्यांच्या पंचांगात महिन्याला सात-आठ अमावास्या यायच्या. कोऱ्या कोल्हापुरीला मात्र लख्ख पौर्णिमा.

तंत्र उत्तम आहे, वापर चुकीचा. चपला बघून दर उतरवण्यात गुरुजींनी हयात घालवली आणि छपराची कौलं शेवटपर्यंत बदलली नाहीत. तुम्ही चपला बघून दर चढवा. शिवाय झिजलेली टाच म्हणजे खेटे घालणारा माणूस : कोर्ट, कचेरी नाहीतर कर्ज. "गेले काही महिने फार धावपळ होतेय तुमची" एवढं म्हणा. तो चकित होऊन मागं टेकतो. मागं टेकलेला माणूस वरच्या दरात बसतो.

धडा तिसरा : थोडा इतिहास, टाळण्यासाठी

आपल्या धंद्याची जुनी दररचना वाचली तर अंगावर काटा येतो. गावगाड्यात बलुतेदारांच्या यादीत जोशीही होता. सुगीला खळ्यावर जायचं आणि ठरलेला वाटा घ्यायचा. भाकीत खरं ठरो वा खोटं, वाटा तोच. आजच्या भाषेत वार्षिक वर्गणी, धान्यरूपात. त्या जोशाला कुणाला घाबरवायचं कारणच नव्हतं. घाबरवलं तरी एक पायली जास्त मिळणार नव्हती.

दुसरा पिंगळा. पहाटे, उजाडायच्या आत, कुडमुडं वाजवत दारावर यायचा. घरधनिणीला पुढचं चांगलं चांगलं सांगायचा आणि सूपभर जोंधळे, एखादं जुनं लुगडं घेऊन पुढं जायचा. नंदीबैलवाला तसाच. "पाऊस पडंल का?" म्हटलं की बैल मान हलवायचा, नेहमी वरखाली. दारात उभं राहून घेणारा माणूस वाईट भविष्य सांगत नाही, सांगून चालतच नाही. ज्याचा दर ठरलेला नाही त्याच्या तोंडी सगळं शुभ. दरपत्रक लागलं की ग्रह वक्री व्हायला लागतात.

हे वाक्य वाचून विसरून जा. परीक्षेला नाही.

धडा चौथा : बाजारपेठ मोजा

कोणताही व्यापारी आधी गिऱ्हाईक किती ते बघतो. आपलं गणित आकाशातच सुटलेलं आहे.

शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. तो आपल्या मागच्या राशीत आला की साडेसाती सुरू होते आणि पुढच्या राशीतून बाहेर पडला की संपते. तीन राशी, साडेसात वर्षं. आता हे उलट बाजूनं बघा. कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असणारच. म्हणजे जो कुणी दारातून आत येतो, त्याला ती असण्याची शक्यता चारात एक, आणि हा बाजार कधी मंदावत नाही. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, मकरवाले सुटले, मेषवाले आत आले. असा साठा दुसऱ्या कोणत्या धंद्यात आपोआप भरतो?

मंगळ तर याहून उदार. लग्न, चतुर्थ, सप्तम, अष्टम, द्वादश या पाच स्थानांत कुठंही असला तरी पत्रिका मंगळाची. बारातली पाच घरं म्हणजे शंभरातले बेचाळीस लोक. आता मुलगा-मुलगी दोन्ही धरा. दोघांना मंगळ असेल तर एकमेकांचा कटतो, दोघांना नसेल तर प्रश्न नाही. एकालाच असण्याची शक्यता किती? १४४ पैकी ७०. जवळजवळ दर दुसऱ्या स्थळात घोळ! म्हणूनच मंगळाचे अपवाद हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. घोळ काढण्याचा दर एक ठेवा आणि अपवाद शोधून देण्याचा त्याच्या दुप्पट. शोध अवघड नसतो. मुलगा अमेरिकेत असेल तर अपवाद वधूपक्षच शोधून आणतो.

गुणमेलनाचंही तसंच. छत्तीस गुणांपैकी अठरा जमले की पास. पस्तीस टक्क्यांना पास होणाऱ्या समाजात आपण पन्नास टक्क्यांची अट ठेवली आहे, दर्जा सांभाळायचा म्हणून.

धडा पाचवा : सगळं भविष्य एकदम विकू नका

नवशिक्याची हमखास चूक : पहिल्याच बैठकीत शिक्षण, नोकरी, लग्न, परदेश आणि आयुर्मर्यादा, सगळं एकशे एक रुपयांत सांगून टाकतो. मग जातक परत कशाला येईल?

यात गुरू करावा तो नाडीपट्टीवाल्यांना. मूळ पीठ तामिळनाडूत, वैदीश्वरन कोइलला. पण पट्ट्या बघायला आता तिथवर जावं लागत नाही, पुण्यामुंबईतही सोय आहे. अंगठ्याचा ठसा द्यायचा, पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. मग ताडपत्रांचे जुडगे येतात आणि प्रश्न सुरू होतात. वडिलांचं नाव 'र'नं सुरू होतं का? नाही? पुढची पट्टी. भाऊ दोन? हो? थांबा. शेवटी तुमचीच माहिती हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषींच्या तोंडून तुम्हाला ऐकू येते आणि डोळे भरून येतात. ही झाली कला. वाणिज्य पुढं आहे. पहिल्या कांडात सगळ्याचं थोडं थोडं, तोंडओळख. लग्नासाठी सातवं कांड, वेगळे पैसे. धन, संतती, आजार, प्रत्येकाचं कांड वेगळं. आणि पूर्वजन्मीचं पाप कसं फेडायचं ते तेराव्यात. ऋषींनी मालिका लिहिली आहे, आणि प्रत्येक भाग नेमक्या जागी तोडला आहे.

धडा सहावा : निदान स्वस्त, उपाय महाग

डॉक्टरची फी कमी आणि औषधाचं बिल जास्त, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्याचा फायदा घ्या. पत्रिका बघायला १०१च ठेवा, हवं तर ५१. कमाई पुढं आहे. शांत करायची तर गुरुजी किती, जप किती, साहित्य कुणाचं, जेवणं किती, हे सगळं तुमच्या कागदावर येतं. शांत जितकी लांबची तितकी गुणकारी वाटते. कोपऱ्यावरच्या मारुतीला तेल घाला म्हटलं तर जातक नाराज होतो. तीन दिवसांचं विधान सांगा, रजा काढावी लागेल, एसटी बदलावी लागेल, मग त्याला बरं वाटायला लागतं.

रत्नांचं शास्त्र छोटं आहे. पुष्कराज, पाचू, नीलम ही रत्तीवर मिळतात. रत्ती म्हणजे किती हे ऐंशी टक्के गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. (हा आकडा मी आत्ता बसवला. तुम्हीही बसवायला शिका.) सराफाकडं जातकाला मोकळ्या हातानं पाठवू नका, तुमच्या सहीची चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर फक्त रत्नाचं नाव असतं. तिचा खरा अर्थ सराफ महिनाअखेरीला सांगतो.

धडा सातवा : मिनिटाचा हिशेब आणि फुकट्यांची स्पर्धा

आता धंदा मोबाइलमध्ये गेला आहे. तिथं दर मिनिटावर. पहिली काही मिनिटं फुकट, मग मीटर पडतं. या पद्धतीत ज्ञानापेक्षा दमाला किंमत आहे. समजा दर मिनिटाला तीस रुपये. "थांबा हं... पत्रिका उघडतोय... नेट जरा स्लो आहे" यात चाळीस सेकंद गेले की वीस रुपये झाले, आणि अजून तुम्ही एकही ग्रह हलवलेला नाही. "हंऽऽ" हा उच्चार लांबवायला शिका. वाईच्या गुरुजींना एक सवय होती : समोरचा बोलायचा थांबला तरी ते लगेच बोलत नसत. सुपारी कातरत बसायचे आणि मग समोरचा जे सांगायचं राहिलं होतं ते सांगायचा. ती शांतता ते फुकट देत. आज तिला मिनिटाला तीस रुपये पडतात.

स्पर्धा मात्र आहे. १९७३ला जयंत साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं. तेव्हापासून राशीचं भविष्य दुधाच्या हिशेबासकट स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकतं आहे. रविवारच्या पेपरात बारा राशी फुकट. याला घाबरू नका, हे आपले वानगीदाखल वाटलेले नमुने आहेत. "आर्थिक आवक बरी राहील, वाहन जपून चालवा" एवढंच त्यांत असतं. कोणतं वाहन आणि कोणत्या चौकात, यासाठी माणूस आपल्याकडंच येतो.

धडा आठवा : हमी देऊ नका, कायदा वाचा

मिक्सर विकणारा वॉरंटी देतो. आपण द्यायची नाही. भाकीत चुकलं तर ते कधी आपलं नसतं, जन्मवेळेचं असतं. सुईणीनं घड्याळ बघितलं नसेल, नर्सनं पाच मिनिटांनी नोंद केली असेल. जन्मवेळ शुद्ध करून देण्याचा वेगळा दर लावा. स्वतःच्या चुकीचे पैसे दुसऱ्याकडून घेणारे आपण बहुधा एकटेच.

हमी का नको? २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीनं एक चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कुठली एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तर पन्नासाच्या आसपास आली असती. म्हणजे १०१ मधला तो वरचा रुपया आपल्यापेक्षा किंचित जास्त जाणतो. त्याला तबकात मान द्या.

आता कायदा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कैक वर्षं खेटे घातले. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. त्यात शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. आपल्या क्षेत्रात सरकारनं ठरवलेला दर एवढा एकच, आणि तोही शून्यावरच थांबतो. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचे सल्लागार आणि भुईतलं पाणी सांगणारे पाणाडे यांचा सल्ला मात्र त्यातून वगळला आहे. म्हणून सल्ल्यापाशी थांबा. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसलात, तर साडेसाती तुमची. ताईत-कवचानं अमुक रोग बरा होतो अशी जाहिरात तर १९५४च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

शंकासमाधान

नातेवाइकांकडून पैसे घ्यावेत का?
घ्यावेत. फुकट सांगितलेलं भविष्य कुणी पाळत नाही आणि चुकलं की प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात.

जातकाला जन्मवेळ ठाऊकच नसेल तर?
कृष्णमूर्ती पद्धत वापरा. जातकानं मनात प्रश्न धरून १ ते २४९ मधला एक आकडा सांगायचा असतो. त्यावर तुम्ही ५०१ सांगायचा.

पावती द्यावी का? कर?
सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. "ही दक्षिणा आहे, धंदा नव्हे" असं सांगून बघा. त्या कचेरीचं पंचांग वेगळं असतं.

स्वतःची पत्रिका बघून धंदा चालेल का ते ठरवावं का?
चुकूनही नाही. फीचं काय करणार?

स्वाध्याय

प्रश्न १. गाळलेली जागा भरा : "तुमच्या पत्रिकेत योग चांगला आहे, पण ______." (रिकाम्या जागेत मावेल तेवढा दर लावा.)

प्रश्न २. जोड्या लावा : साडेसाती, एकनाड, जन्मवेळ, मंगळ, ५०१, १,१०१, २,१०१, "बोलून ठरवू".

प्रश्न ३. शाब्दिक उदाहरण. एक बाई एसटीनं आली आहे. दारात तिच्या स्लीपर आहेत, एकीच्या तुटलेल्या अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली. मुलगा तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देतो आहे आणि गेला महिनाभर घरात कुणाशी बोलत नाही. तिच्या पर्समध्ये ३४० रुपये आहेत, त्यांतले परतीच्या अर्ध्या तिकिटाचे ४५. ती विचारते, "पोराचं होईल ना हो?" तुम्हाला उत्तर माहीत नाही. ती अजून काही सांगणार आहे, पण तुम्ही गप्प राहिलात तरच.

तर (अ) दर किती लावाल?
(ब) आज तिथी कोणती?

(दुसऱ्या उपप्रश्नाचं उत्तर पंचांग न बघता लिहावं.)